ब्रॅकिओपॉडच्या जीवाश्मांवरील छिद्रे, पोखरण आणि व्रण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवाश्म गोळा करण्याचा नाद लागला की कधी ना कधी भोक असलेला शिंपला हाती येतो. भोक गोल आणि नेटके असेल तर गोष्टही लगेच तयार होते: कुणीतरी हा प्राणी पोखरून खाल्ला. कधी ती गोष्ट खरी असते. बऱ्याचदा नसते. इथले बहुतेक प्रश्न या दोन शक्यतांमधल्या अंतराबद्दलचे आहेत. उदाहरणे शक्यतो अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराभोवतालच्या खडकांमधून घेतली आहेत, कारण या विषयावरचे सगळ्यात चिवट भांडण तिथल्याच शिंपल्यांवरून झाले.

ब्रॅकिओपॉड म्हणजे शिंपलाच ना? तिसऱ्यांसारखा?

दिसायला तसाच, नात्याने फार दूरचा. तिसरी, कालव, खुबे हे मृदुकाय प्राणी. ब्रॅकिओपॉडचा संघच वेगळा. ओळखायची सोपी खूण अशी: तिसरीच्या दोन झडपा, म्हणजे कवचाचे दोन भाग, एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात, पण एकेक झडप सुटी पाहिली तर ती एका बाजूला झुकलेली असते. ब्रॅकिओपॉडच्या दोन झडपा एकमेकींपेक्षा वेगळ्या असतात, पण प्रत्येक झडपेची डावी बाजू उजवीशी तंतोतंत जुळते. आत मांस थोडे असते. बरीचशी जागा पाण्यातून अन्न गाळणाऱ्या केसाळ स्पर्शकांच्या झुबक्याने व्यापलेली असते. अनेक जाती मागच्या टोकाच्या छिद्रातून निघणाऱ्या देठाने खडकाला चिकटून राहतात.

सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कॅम्ब्रियन काळापासून हे प्राणी आहेत. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियनच्या अखेरच्या महाविनाशात त्यांचा कणा मोडला. आज जेमतेम चारेकशे जाती उरल्या आहेत, तर जीवाश्मांमधून १२ हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

माझ्या नमुन्याच्या चोचीपाशी, म्हणजे झडपेच्या मागच्या टोकदार भागापाशी, एक सुबक गोल भोक आहे. शिकारी सापडला का?

बहुधा नाही. ते देठाचे छिद्र असणार. नवख्यांची पहिली फसगत हमखास इथेच होते. भोक झडपेच्या मध्यरेषेवर, अगदी चोचीच्या टोकाशी किंवा तिच्याखाली असेल आणि त्याच जातीच्या प्रत्येक नमुन्यावर त्याच जागी असेल, तर तो प्राण्याच्या शरीररचनेचाच भाग आहे.

दुसरी फसगत प्रॉडक्टिड गटातल्या काटेरी जातींची. काटे गळून पडले की त्यांच्या बुडाशी बारीक गोल खुणा राहतात, आणि त्या पुष्कळ असतात. तिसरी सगळ्यात लबाड. शेलसारख्या गाळाच्या खडकात शिंपले दाबले जातात, एका शिंपल्याचा उंचवटा किंवा एखादा कठीण कण दुसऱ्याच्या कवचात रुततो आणि दाबाखाली तिथला चुना विरघळतो. मग जो खळगा उरतो तो पोखरल्यासारखाच दिसतो. लेसिन्स्की आणि बेनिंजर यांनी १९९४ मध्ये अशा खोट्या छिद्रांवर स्वतंत्र लेखच लिहिला. खळग्यात शेजारच्या शिंपल्याचा तुकडा अजून अडकलेला असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

मग शिकाऱ्याने पाडलेले छिद्र कसे ओळखायचे?

एका खुणेवर निकाल देता येत नाही. अनेक खुणा एकत्र आल्या की संशय बळावतो.

छिद्र बाहेरून आत गेलेले असावे, म्हणजे बाहेरचा व्यास आतल्यापेक्षा मोठा किंवा निदान तेवढाच. ते कवचाच्या पृष्ठभागाला काटकोनात असावे. एका प्राण्याला एकच आरपार छिद्र असावे, कारण पोट भरल्यावर दुसरे पाडायचे कारण राहत नाही. एकाच जातीच्या अनेक नमुन्यांत ते ठरावीक झडपेवर, ठरावीक भागात येत असेल तर पुरावा बराच पक्का होतो. आत स्नायू किंवा मऊ अवयव असतील तिथे शिकारी नेम धरतो. छिद्राचा आकार आणि भक्ष्याचा आकार यांत मेळ दिसला तर आणखी बरे. अर्धवट सोडलेली छिद्रेही मोलाची असतात. त्यांच्या तळाशी पोखरणाऱ्याच्या पद्धतीच्या खुणा राहतात, आणि हल्ला फसला होता हेही त्यातून कळते.

उलट आतून बाहेर गेलेले छिद्र म्हणजे ते पडले तेव्हा शिंपला रिकामा होता. दोन्ही झडपांच्या आरपार गेलेले, तिरके, किंवा एकाच झडपेवर पाच-सहा विखुरलेले असतील तर आधी निवारा खोदणाऱ्या प्राण्याचा विचार करा.

ज्यांना फक्त एकच नमुना मिळाला आहे त्यांना हे उत्तर आवडत नाही. पण एका शिंपल्यावरून शिकार सिद्ध होणे फार अवघड आहे. त्याच थरातले शंभर शिंपले, भोक नसलेलेसुद्धा, पाहावे लागतात.

समुद्री गोगलगाय एवढ्या कठीण कवचाला भोक पाडते तरी कशी?

आजच्या समुद्रात हे काम करणारी दोन मोठी कुटुंबे आहेत, नॅटिसिडी आणि म्युरिसिडी. दोघांकडेही दुहेरी हत्यार असते. एक, दातेरी पट्टीसारखी जीभ, म्हणजे रॅड्युला. दुसरे, कवच मऊ करणारे रसायन स्रवणारा खास अवयव. म्युरिसिडीत तो पायात असतो, नॅटिसिडीत सोंडेच्या टोकाशी. रसायन लावायचे, बराच वेळ थांबायचे, जिभेने थोडे खरवडायचे, पुन्हा रसायन. अमेरिकन संशोधक मेलबर्न कॅरिकर यांनी ही पद्धत वर्षानुवर्षे पाहून तपशिलाने नोंदवली. भोक पूर्ण व्हायला कित्येक तास, जाड कवच असेल तर काही दिवसही लागतात.

नॅटिसिडीचे भोक ओळखू येते. लाकडात स्क्रूचे डोके आत बसावे म्हणून सुतार भोकाचे तोंड रुंद करतो, तसा त्याला बाहेरून उतार असतो. म्युरिसिडीचे छिद्र साधारणपणे सरळ नळीसारखे असते. या दोन तऱ्हांना रिचर्ड ब्रॉमली यांनी १९८१ मध्ये नावे दिली: उताराच्या छिद्राला ऑइक्नस पॅराबोलॉइडिस, सरळ छिद्राला ऑइक्नस सिम्प्लेक्स. ही नावे प्राण्यांची नाहीत, खुणांची आहेत, त्यामुळे छिद्र कुणी पाडले हे माहीत नसतानाही ती वापरता येतात. ही सोय किती महत्त्वाची आहे ते पुढच्या प्रश्नात कळेल.

सिनसिनाटीच्या शिंपल्यांवरून नेमका वाद काय झाला?

ओहायो, इंडियाना आणि केंटकी ही तीन राज्ये भेटतात तिथे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी, ऑर्डोव्हिसियन काळात, उथळ, उबदार समुद्र होता. त्याचे चुनखडीचे आणि शेलचे थर आज रस्त्यांच्या कडांना उघडे पडलेले दिसतात, आणि त्यांत ब्रॅकिओपॉड अक्षरशः खच्चून भरले आहेत: राफिनेस्क्विना, स्ट्रोफोमेना, हेबर्टेला, झायगोस्पायरा आणि नखाएवढी ऑनिएला मीकी. या शेवटच्या जातीच्या पुष्कळ शिंपल्यांना बारीक, सरळ, नळीसारखी छिद्रे आहेत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही छिद्रे गोगलगाईंच्या खात्यावर टाकणे साहजिक वाटत होते. फेंटन दांपत्याने १९३१ मध्ये पुराजीव महाकल्पातल्या (कॅम्ब्रियन ते पर्मियन काळातल्या) छिद्रांवर लिहिले तेही ‘गोगलगाईंची छिद्रे’ या मथळ्याखाली. १९६८ मध्ये कॅरिकर आणि एलिस योकेलसन यांनी आजच्या गोगलगाईंची छिद्रे आणि ऑर्डोव्हिसियन छिद्रे शेजारी ठेवून बारकाईने तपासली, आणि जुनी छिद्रे गोगलगाईंची दिसत नाहीत असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी रिचर्ड्स आणि शाबिका यांनी त्याहून सोपा खुलासा मांडला. ही शिकारीची छिद्रे नव्हेतच. मेलेल्या शिंपल्यांचा थर तळावर पडलेला, त्यातून कुणा किड्यासारख्या प्राण्याने राहण्यासाठी नळी खोदली, ती वाटेतल्या शिंपल्यांमधून गेली.

तीस वर्षे हेच उत्तर पुरले. मग २००० साली कॅप्लान आणि टोमाश बाउमिलर यांनी ऑनिएला मीकीचे नमुने पुन्हा मोजले. त्यांचा युक्तिवाद असा की, झडपा गाळात कशा पडतात आणि छिद्रे कुठे कशी आहेत हे ताडून पाहिले तर छिद्रे मेल्यानंतरच्या निवाऱ्याची वाटत नाहीत. ती जिवंत प्राण्यावरच्या हल्ल्याशी, मग तो शिकाऱ्याचा असो वा परजीवीचा, जास्त जुळतात. दुसऱ्या वर्षी ओहायोतल्या वूस्टर कॉलेजचे मार्क विल्सन आणि त्यांचे सहकारी टिमोथी पामर यांनी, तो लेख छापणाऱ्याच नियतकालिकात, उत्तर दिले. त्यांच्या लेखाचा मथळाच सांगतो की हे निवारे आहेत, शिकारीची छिद्रे नाहीत, आणि हाच खुलासा अधिक सोपा आहे. त्यालाही प्रत्युत्तर आले.

माझा कल विल्सन-पामर यांच्याकडे आहे. सरळ, उतार नसलेली, एका तोंडाची नळी म्हणजे ट्रायपॅनायटीस ही अतिशय सामान्य खूण. ती ऑर्डोव्हिसियनमध्ये कठीण झालेल्या सागरतळावर, ब्रायोझोआ या चिमुकल्या प्राण्यांच्या वसाहतींवर, सगळीकडे आढळते, आणि तिथे खायला कुणी बसलेले नव्हते. तोच खोदणारा शिंपल्यातही घुसला असेल तर नवा शिकारी कल्पावा लागत नाही. पण पातळ शिंपल्यात नळीचा तळ हरवतो, नुसते आरपार भोक उरते, आणि मग एकेका नमुन्यापुरता निवारा आणि शिकार यांत फरक करता येत नाही, हेही कबूल केले पाहिजे. म्हणून कॅप्लान-बाउमिलर यांचा मार्ग, म्हणजे एका छिद्राऐवजी अख्ख्या थराची मोजदाद, मला पटतो. त्यांचा निष्कर्ष मात्र पटत नाही.

म्हणजे पुराजीव महाकल्पात शिंपले पोखरून खाणारे नव्हतेच?

होते. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या डेव्होनियन काळापासून पुरावा बराच भक्कम होतो. स्मिथ, थेअर आणि ब्रेट यांनी १९८५ मध्ये डेव्होनियन ब्रॅकिओपॉडवरची गोगलगाईंसारखी छिद्रे ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली, आणि त्यानंतर लिंडसी लेटन यांच्यासारख्या संशोधकांनी कोणत्या जातीवर, कोणत्या झडपेवर, कुठे छिद्रे येतात हे मोजत नेले.

अडचण गुन्हेगाराची आहे. आज ओळखीची असलेली नॅटिसिडी आणि म्युरिसिडी कुटुंबे तेव्हा नव्हती. ती फोफावली पुष्कळ नंतर, सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेल्या क्रिटेशस काळात. संशयितांत प्लॅटिसेरॅटिड नावाच्या गोगलगाई आघाडीवर आहेत. त्या समुद्रलिलींच्या, म्हणजे तारामाशांच्या नात्यातल्या प्राण्यांच्या, अंगावर चिकटून राहत, आणि तिथे त्यांनी छिद्रे पाडल्याचे दाखले बाउमिलर यांनी दिले आहेत. ब्रॅकिओपॉडवरच्या सगळ्याच छिद्रांसाठी त्यांना धरता येत नाही.

सर्वांत जुना पुरावा कोणता?

पोखरण्याचा म्हणाल तर ब्रॅकिओपॉडच्याही आधीचा. चीनच्या शान्शी प्रांतातल्या क्लाउडिना या नळीदार जीवाश्मांवर, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या, छिद्रे आहेत. बेंग्टसन आणि युए यांनी १९९२ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यानंतर कॅम्ब्रियनमधल्या मिकविट्झियासारख्या ब्रॅकिओपॉडसदृश कवचांवरही ती नोंदली गेली.

याहून बोलका दाखला २०२० मधला आहे. चीनच्या युन्नान प्रांतात निओबोलस नावाच्या कॅम्ब्रियन ब्रॅकिओपॉडवर, सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वी, किड्यांच्या नळ्या चिकटलेल्या सापडल्या. नळ्यांची तोंडे यजमान पाणी आत ओढतो त्या प्रवाहांच्या दिशेने लागलेली होती, आणि नळ्या असलेल्या प्राण्यांची वाढ नळ्या नसलेल्यांपेक्षा कमी भरली. म्हणजे भोक न पाडता ताटातले पळवणारे चोर.

शिकारी सोडून शिंपले पोखरणारे कोण कोण असतात?

यादी लांब आहे. नेहमी भेटणारे तेवढे सांगतो.

सिनसिनाटीच्या शिंपल्यांवर बारीक, फांद्या फुटलेल्या, मध्येच फुगीर होणाऱ्या रेघांचे जाळे दिसते. ते रोपालोनेरिया, एका मऊ शरीराच्या ब्रायोझोआने कवचात कोरलेली वसाहत. त्या ब्रायोझोआला शिंपल्यातल्या प्राण्याशी काही देणेघेणे नव्हते. U आकाराच्या नळ्या, ज्यांची दोन तोंडे शेजारी असतात, त्या कॉलोस्ट्रेप्सिस, बहुपाद कृमींच्या. बारीक फट किंवा थेंबाच्या आकाराचे खळगे म्हणजे रॉजरेला, पोखरणाऱ्या बार्नेकलांचे (खेकड्यांच्या नात्यातल्या, एका जागी चिकटून राहणाऱ्या प्राण्यांचे) काम. कवच आतून पोकळ करून बाहेर ठिपक्यांची रांगोळी उमटवणारे स्पंज एंटोबिया ही खूण सोडतात. आजही जुनी कालवे याच कुटुंबातले स्पंज पोखरतात.

माझी आवडती खूण आहे पॉडिक्नस. एकाभोवती एक जमलेल्या बारीक खळग्यांचा गुच्छ, सहज नजरेतून सुटणारा. ब्रॅकिओपॉडच्या देठाची मुळे चुन्यात रुतून हे खळगे पडतात. ब्रॉमली आणि सुर्लिक यांनी १९७३ मध्ये ते जिवंत प्राण्यांशी ताडून दाखवले. म्हणजे एका ब्रॅकिओपॉडवर कधीकाळी दुसरा ब्रॅकिओपॉड बसून होता, तो कधीच नाहीसा झाला, बसल्याची जागा राहिली.

पोखरणारा आला तेव्हा शिंपल्यातला प्राणी जिवंत होता हे कसे कळते?

कवचाच्या प्रतिक्रियेवरून. जिवंत प्राणी आतून नवा थर चढवतो, फोड उठवतो, नळीभोवती कवच वाढवतो. पोलंडमधल्या डेव्होनियन ॲट्रिपिड ब्रॅकिओपॉडच्या आत किड्यांच्या नळ्यांभोवती असे कवच वाढलेले आहे. बिएर्नाट यांनी १९६१ मध्ये या खुणेला डायोरिग्मा हे नाव दिले. किडा आत राहत होता आणि यजमान त्याच्याभोवती वाढत होता.

बाहेरून चिकटणाऱ्यांबाबत वाढीच्या रेघा पाहा. कॉर्न्युलायटीस ही शंकूसारखी नळी झडपांच्या कडेवर तोंड करून, कडेबरोबर सरकत वाढलेली असेल तर दोघेही जिवंत होते. झडपेच्या आतल्या बाजूला काही चिकटलेले असेल तर यजमान नक्कीच मेलेला. आतून पोखरलेल्यालाही हाच नियम.

कडेला खाच आहे आणि तिच्यापुढे रेघा वाकड्यातिकड्या झाल्या आहेत. हे काय?

हा भरून आलेला व्रण. खेकडा, मासा किंवा त्या काळातला आणखी कुणी कवचाची कड चावून मोडतो, प्राणी निसटतो, आणि आतले आच्छादन पुन्हा कवच घालू लागते. तुटलेल्या जागी दातेरी रेघ राहते, तिच्यानंतरच्या फासळ्या काही अंतर विस्कटलेल्या असतात, मग हळूहळू सावरतात. रिचर्ड अलेक्झांडर यांनी १९८० च्या दशकात सिनसिनाटीच्या ऑर्डोव्हिसियन ब्रॅकिओपॉडवरचे असे व्रण तपासले. आज उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टेरेब्राटालिया या जिवंत ब्रॅकिओपॉडवरही असेच व्रण आढळतात.

सावध राहायचे ते अर्थ लावताना. व्रण म्हणजे फसलेला हल्ला. यशस्वी हल्ल्यातून नुसते तुकडे उरतात, आणि ते तुकडे लाटांनी मोडलेल्या तुकड्यांपासून वेगळे काढता येत नाहीत. म्हणून एखाद्या थरात व्रण वाढले याचा अर्थ शिकारी वाढले असाही होतो, शिकारी अकुशल होते असाही, आणि शिंपले जास्त टणक झाले असाही. नुसत्या टक्क्यांवरून यातला एक अर्थ निवडणारे लेख मी भुवया उंचावूनच वाचतो.

छिद्रांचे प्रमाण कसे काढायचे?

झडपा जोडलेल्याच असतील तर सोपे: आरपार छिद्र असलेले प्राणी भागिले एकूण प्राणी. झडपा सुट्या असतील तर एकूण झडपांची निम्मी संख्या भाजक म्हणून घ्यायची, कारण शिकारी दोनांपैकी एकीलाच भोक पाडतो. समजा २०० सुट्या झडपांपैकी ५ झडपांना आरपार छिद्रे आहेत. प्राणी १०० होते, म्हणून प्रमाण ५ टक्के. २०० ने भागले तर प्रमाण निम्मे येईल. अर्धवट छिद्रे वेगळी मोजा. तुकडे कसे मोजले तेही लिहून ठेवा, कारण भोक पडलेले कवच लवकर मोडते आणि प्रमाणात खोट येते.

ब्रॅकिओपॉडवर छिद्रे इतकी कमी का सापडतात?

क्रिटेशसनंतरच्या तिसरीसारख्या मृदुकाय शिंपल्यांशी तुलना केली तर खरोखर कमी आहेत. कोवालेव्स्की, दुलाई आणि फ्युर्सिश यांनी १९९८ मध्ये सगळ्या कालखंडांचा आढावा घेतला तेव्हा पुराजीव महाकल्पात प्रमाण अल्प आणि क्रिटेशसनंतर भरपूर असे चित्र दिसले. एक कारण शिकाऱ्यांचे: कसलेले पोखरणारे उशिरा आले. दुसरे भक्ष्याचे. चार्ल्स थेअर यांनी १९८५ मध्ये जिवंत ब्रॅकिओपॉड आणि मृदुकाय शिंपले समोर ठेवून भक्षक काय निवडतात ते पाहिले. भक्षकांचा ओढा मृदुकाय शिंपल्यांकडे होता. ब्रॅकिओपॉडचे एवढे कवच फोडून आत मूठभरही मांस नसेल तर तिकडे कोण जाईल?

आम्ही ओहायोत राहतो. मुलांना घेऊन हे शिंपले कुठे पाहता येतील?

वेन्सव्हिलजवळ सीझर क्रीक तलावाचा सांडवा आहे. ऑनिएला मीकी ज्या वेन्सव्हिल थरांत मिळते ते थर याच गावाच्या नावाने ओळखले जातात. तिथल्या अभ्यागत केंद्रातून आधी परवाना घ्यावा लागतो. हातोडी-छिन्नी चालत नाही, तळहातात मावेल तेवढाच नमुना घेता येतो, आणि विकायचा नाही. जाण्याआधी नियम तिथेच एकदा विचारून घ्या. सिनसिनाटीत १९४२ पासून ‘ड्राय ड्रेजर्स’ ही हौशी संग्राहकांची संघटना आहे. नवख्यांना नमुने ओळखून देण्यात तिथली मंडळी तरबेज आहेत.

महाराष्ट्रात सापडतील का?

राज्याचा बराच भाग दख्खनच्या लाव्हाने झाकलेला आहे. लाव्हाच्या थरांमधल्या गाळात जीवाश्म मिळतात, पण ते मुख्यतः गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे आणि वनस्पतींचे. ब्रॅकिओपॉडसाठी कच्छकडे पाहावे. तिथल्या जुरासिक थरांत ते विपुल आहेत, कुचिथायरिस ही प्रजाती तर कच्छच्याच नावावर आहे. त्याच प्रदेशातल्या उत्तर जुरासिक मृदुकाय शिंपल्यांवर शिकारी छिद्रांचे मोठे प्रमाण भारतीय संशोधकांनी २०१२ मध्ये नोंदवले.

नजर तयार करायला मात्र कोकणचा कुठलाही वाळूचा किनारा चालेल. ओहोटीच्या रेघेवरचे शिंपले वेचा. उताराच्या तोंडाचे गोल भोक एखाद्या तरी झडपेवर मिळेल, आणि जुन्या कालवाच्या जाड कवचावर स्पंजाची चाळण. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून पाहा. आजच्या शिंपल्यात गुन्हेगार ओळखता येऊ लागला की जीवाश्मांकडे वळा.

नमुना साफ करताना काय टाळावे?

छिद्रातला गाळ सुईने उकरू नका. आत भरलेला गाळ भोवतालच्या खडकासारखाच असेल तर छिद्र गाडले जाण्यापूर्वीचे आहे, आणि तो काढलात की हा पुरावा गेला. ॲसिड तर नकोच; कवचही चुन्याचेच असते. मऊ ब्रश आणि पाणी पुरे. मग एका बाजूने तिरका प्रकाश टाकून, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. कोणती झडप, छिद्र बाहेरून की आतून, बाहेरचा आणि आतला व्यास, थर आणि जागा एवढे चिठ्ठीवर लिहून ती नमुन्याबरोबर त्याच डबीत ठेवा. आणि त्याच जागचे भोक नसलेले शिंपलेही घरी आणा, नाहीतर भाजक कुठून मिळणार?